‘कोण?’ विचारल्यावर वीस सेकंद

३ ऑगस्ट

टोळकाका,

तर तुम्ही फोन ठेवलात तिथून पुढे सांगते. तुम्हाला कमी ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं. मी आपली ओरडत होते आणि हॉस्पिटलचा अख्खा कॉरिडॉर माझ्याकडे बघत होता. शेवटी ‘लिहून पाठव’ एवढंच कळलं, म्हणून लिहितेय. कागदावरचं हे माझं पहिलं पत्र, त्यात मी इंग्लिश मीडियमवाली. ऱ्हस्वदीर्घ तुम्हीच सांभाळून घ्या.

बाबाला स्ट्रोक येऊन सात आठवडे झाले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. रिहॅब वॉर्डमध्ये आहे. त्याला आत सगळं कळतंय असं मला वाटतं, पण ‘वाटतं’ हा शब्द इथे चालत नाही. हो-नाहीला मान हलवतो, पण कधी उलटसुलट. पाणी, चादर, दुखतंय अशा चित्रांचा एक टॅबलेट दिला, तर त्याने तो पालथा घातला. डॉक्टरांनी सांगितलंय, अठ्ठावीस तारखेपर्यंत ठोस काही दिसलं नाही तर बेड दुसऱ्या पेशंटला जाईल आणि बाबाला एका होममध्ये हलवतील. तिथे भरवतात, कूस बदलतात, बस. शिकवणारं कुणी नाही. मोठेकाका, म्हणजे बाबाचा भाऊ, तिथला फॉर्म खिशात घालूनच येतो. आईची सही अडलीय ती फक्त माझ्यामुळे.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, त्या म्हणाल्या की नवीन काही त्याच्या डोक्यात राहणार नाही, पण वर्षानुवर्षं बोटांत मुरलेलं कधीकधी टिकतं. बोटांत मुरलेलं म्हणजे तुमची सिस्टीम. बाबा वजनकाटे तपासायच्या नोकरीवरून आला की रोज त्याच मशीनवर बसायचा. विंडोज नाही, काही नाही. तुम्ही दोघांनी कॉलेजात युनिक्सच्या वळणावर, पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम. सुरू केली की काळ्या स्क्रीनवर मराठीत विचारते, ‘कोण?’ आणि तो लिहितो, ‘कासव’. मी त्याच्या मांडीवर बसून हे बघितलंय. दुसरी कुठलीही स्क्रीन आता दाखवली की तो मान फिरवतो. मला ती एक स्क्रीन त्याच्यासमोर ठेवायचीय.

पण तो पडला तो टेबलाला धरून पडला. मशीन खाली, डिस्क खडखडतेय. उरली ती एक सीडी. दर एक जानेवारीला तो एक नवी बनवायचा, त्यातली शेवटची. त्यात चालणारा प्रोग्रॅम एकही नाही, फक्त सोर्स कोड आणि सिस्टीमने ठेवलेल्या नोंदी. त्याचं म्हणणं असायचं, उगम सांभाळला की नदी परत काढता येते. झालं, मी नदी काढायला बसले. कॉलेजच्या भंगारातून जुना डेस्कटॉप आणला. पहिल्या बिल्डला तीनशे बारा एरर. एकेक मारत शून्यावर आणले, जाता जाता कोडही जरा साफ केला. काल सिस्टीम चक्क सुरू झाली. मी वॉर्डच्या पँट्रीत एकटीच नाचले. मग ही ओळ आली:

कळफलक बोलत नाही. आता तूच बघ.

आणि जी थांबली ती थांबलीच. चौदा वेळा करून बघितलं. त्या फाइलवर ‘ट.’ अशी तुमची सही आहे. तुमच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाचं कार्ड बाबाच्या ड्रॉवरमध्ये मिळालं, मागे त्याच्या अक्षरात ‘टोळ’. आता तुम्हीच सांगा.

कासवाची मुलगी


७ ऑगस्ट

पोरी,

बावीस वर्षांनी कुणी मला टोळ म्हणालं. पत्र वाचता वाचता एका बाईंच्या शिलाई मशीनचं शटल उलटं बसवलं. त्या म्हणाल्या, मास्तर, चष्मा बदला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

कॉम्प्युटर मी सोडला, घरात एकही नाही. पण ती फाइल मला पाठ आहे. तू ‘कोड जरा साफ केला’ म्हणून जे वाक्य सहज टाकलंयस ना, ते मी तीनदा वाचलं. कळफलकाच्या फाइलमध्ये मधोमध एक रिकामी लूप होती. एक ते चाळीस हजार मोजायची आणि दुसरं काहीच करायची नाही. ती उडवलीस का? हुशार माणूस पहिली तीच उडवतो.

अगं, कळफलकाला ‘जागा आहेस का’ असं विचारलं की त्याला तोंड उघडायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ गप्प बसायचं, एवढंच त्या लूपचं काम. तू विचारतेस आणि लगेच पाठ फिरवतेस. मग तो बोलत नाही म्हणून रडतेस. ती परत ठेव. फाइल माझी असली तरी ती ओळ कासवाची आहे. आमचा एकच नियम होता: ज्याची ओळ, त्यानेच काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, कितीही खटकली तरी. तू तो पहिल्याच आठवड्यात मोडलास. बापाची मुलगी शोभत नाहीस, माझी शोभतेस.

एक विचारू? माझं दुकान नऊ वर्षांपूर्वीचं. त्याचं कार्ड तुझ्या बाबाकडे कसं?

आणखी एक गोष्ट सांगायची होती, पण ती पुढच्या वेळी. आधी कळफलक बोलू दे.

टोळ


११ ऑगस्ट

टोळकाका,

हो, मीच उडवली होती. सॉरी. जुन्या सीडीत बघितलं तर वर बाबाने लिहिलंय: ‘इथे थांब. समोरच्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.’ मी ती कॉमेंटसुद्धा न वाचता डिलीट केली होती.

परत ठेवली तरी तेच. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की आजकालचे कंपायलर, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे, माझ्यासारखेच अतिशहाणे असतात. लूप काहीच करत नाही म्हटल्यावर तो स्वतःच ती गाळून टाकत होता. मग त्याला एक शब्द लिहून बजावलं, ह्या ओळीला हात लावायचा नाही. आणि काल दुपारी चार वाजता, काका, काळ्या स्क्रीनवर ‘कोण?’ आलं. मी ‘कासव’ लिहिलं, तर सिस्टीमने ‘खूण?’ म्हणून पासवर्ड विचारला. तो मला माहीत नाही, पण कळा चालतायत. तुमच्या कळफलकावर ‘ळ’ शोधायला मला पाच मिनिटं लागली. आणि तो स्क्रीनवर इतका वाकडा का दिसतो?

कार्डाचं आईला विचारलं. ती म्हणाली, तीनेक वर्षांपूर्वी बाबा तिचं शिलाई मशीन घेऊन तुमच्या गावी गेला होता. बसमध्ये मांडीवर घेऊन. संध्याकाळी मशीन तसंच परत आलं, न उघडता. तुम्ही खाली मान घालून कामात होतात म्हणे. त्याने काउंटरवरचं कार्ड उचललं आणि निघाला. आई त्याला बोलली होती, की एवढ्या लांब जाऊन मशीन दुरुस्त न करता आणणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला.

अठरा तारखेला डॉक्टर, बाई, मोठेकाका, सगळ्यांना बोलावलंय. आधी बाबाला काही दाखवणार नाही, बाई म्हणतात तो लवकर थकतो, एकच चान्स चांगला घेऊ. मला झोप येत नाहीये. ती ‘आणखी एक गोष्ट’ काय होती?

कासवाची मुलगी


१४ ऑगस्ट

पोरी,

ती दुकानातली गोष्ट मला तू सांगायला नको होतीस, किंवा आधी सांगायला हवी होतीस. मला ऐकू येत नाही गं. काउंटरवर कुणी उभं राहिलं तर ठोकल्याशिवाय कळत नाही. त्याने ठोकलं नसणार. तो कधीच ठोकायचा नाही.

‘ळ’ वाकडा आहे कारण चौकटीच्या कागदावर ठिपके देऊन सगळी अक्षरं मी काढली, आणि ते मला जमलं नाही. त्याच रागाने त्याला कळफलकाच्या पार उजव्या टोकाला हद्दपार केलं. कासव म्हणाला होता, स्वतःच्या नावातलं अक्षर इतकं लांब कोण ठेवतं? मी म्हटलं, मला माझं नाव लिहायची गरज पडत नाही, लोकच हाका मारतात.

कळफलक त्याच्या डाव्या हाताशी ठेव. त्याचा चष्मा पुस. ‘आणखी एक’ विशेष काही नव्हतं. जुनी किरकोळ गोष्ट. त्याने ती केव्हाच निस्तरली असेल.

टोळ


१९ ऑगस्ट

काका,

नाही झालं.

सगळे आले होते. मी डेस्कटॉप बेडशेजारच्या टेबलावर मांडला, बाबाला खुर्चीत बसवलं, चष्मा पुसला. स्क्रीनवर ‘कोण?’ आलं आणि काका, त्याचा चेहरा बदलला. नऊ आठवड्यांत मी तो चेहरा बघितला नव्हता. आईने माझा दंड धरला. डावा हात उठला. हवेत तसाच राहिला. मग खाली आला आणि त्याने एक कळ दाबली. स्क्रीनवर ‘ट’ आला.

‘क’ नाही. ‘ट’.

तो पुढची कळ शोधत राहिला. डोळे कळफलकावर. वर बघितलं तर स्क्रीनवर परत नुसतं ‘कोण?’. त्याने परत ‘ट’ दाबला. परत शोधणं, परत कोरं ‘कोण?’. असं चार वेळा. पाचव्यांदा त्याने कळफलक ढकलला, तो खाली पडला. मग बाबा रडला, तोंडाची एकच बाजू हलते तसा. मोठेकाका म्हणाला, कशाला छळताय माझ्या भावाला, आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं: ‘एकच कळ वारंवार. अर्थपूर्ण प्रतिसाद नाही.’

आईने काल रात्रीच सही केली. तारीख अठ्ठावीसच आहे.

मला वाटायचं, मी एवढी मोठी गोष्ट उभी केली, सगळं स्वतःच्या हाताने, तर ती काहीतरी देईल. मूर्ख आहे मी. एका माणसाला सगळ्यांच्या देखत नापास करायचं मशीन बनवलं, दुसरं काय. मध्येच त्याचं लिहिलेलं का पुसलं जात होतं तेही मला कळलं नाही. मला वाटलं तोच पुसतोय.

उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल.


२२ ऑगस्ट

पोरी,

उत्तर न पाठवणं मला फार चांगलं जमतं. बावीस वर्षं तेच केलं. पण हे पत्र पूर्ण वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

पुसणारा तो नव्हता. मी होतो.

‘कोण?’ विचारणारा प्रोग्रॅम माझा आहे. तो एकही एरर न देता बिल्ड झाला असेल, म्हणून तू उघडलाच नसशील. त्यात एक ओळ आहे: वीस सेकंदांत नाव लिहून झालं नाही तर लिहिलेलं पुसायचं आणि पुन्हा विचारायचं. तुझा बाबा एका बोटाने, बघून बघून टाइप करायचा. म्हणून तर कासव. मी त्याला डिवचायला ती ओळ घातली. त्याने काढ म्हटलं, मी म्हटलं, वेग वाढव. नियमाप्रमाणे तो हात लावू शकत नव्हता.

मग कॉलेजात सिस्टीम दाखवायचा दिवस आला. हॉल भरलेला. टाइप करायला तो बसला, कारण जास्त काम त्याचं होतं. एवढ्या लोकांसमोर त्याला कळा सापडेनात. तीनदा त्याचं नाव पुसलं गेलं. लोक हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं ते तुला सांगायला नको. तो उठून गेला. मी माफी मागायला गेलो नाही. आधी आखडूपणा होता, मग लाज होती, मग एवढा वेळ गेला की वेळ गेल्याचीच लाज.

‘आणखी एक गोष्ट’ म्हणजे ही. दोनदा लेखणी उचलली. मग स्वतःची समजूत घातली, इतक्या वर्षांत त्याने ती ओळ फेकूनच दिली असेल. मला आठवण करून द्यावी लागू नये, एवढ्यासाठी. माझ्या तोंड लपवण्यापायी तुझ्या बाबाला परत एकदा हॉलमध्ये बसावं लागलं.

माझी ओळ आहे. मी सांगतो, काढ. ‘खूण?’पुढेही तीच आहे, तिथलीही काढ. आणि त्याला परत बसव. कुणाला बोलावू नकोस, घड्याळ बघू नकोस.

‘ट’ वर फार जाऊ नकोस. ‘ट’ डाव्या हाताखाली येतो, ‘क’ उजवीकडे. जिथे हात पोचला ते त्याने दाबलं असेल.

टोळ


२६ ऑगस्ट

टोळकाका,

तुमचं पत्र वाचून मी दीड दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. ते भांडण इथे लिहीत नाही, कारण हे पत्र आत्ता चारच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचंय. तो म्हणाला, उद्या सकाळी तुमच्या दुकानात टाकेल. त्याला सांगितलंय, काउंटर ठोक.

ओळ सापडली. काढायला गेले तर वर बाबाची कॉमेंट. तारीख तुमच्या भांडणानंतरच्या आठवड्यातली: ‘टोळाची ओळ. टोळ येईल तेव्हा काढेल.’ बावीस वर्षं त्याने रोज वीस सेकंदांच्या आत नाव लिहिलं, पण तुमची ओळ काढली नाही. तुमच्या पत्रातलं ‘काढ’ मी त्या कॉमेंटच्या खाली टाइप केलं, तुमच्या सहीसकट, आणि मग काढली.

आज सकाळी दहा वाजता बसवलं त्याला. मी आणि बाई, दोघीच. ‘कोण?’ आलं. तो आधी बघायलाच तयार नव्हता. आम्ही दोघी थांबून राहिलो. बऱ्याच वेळाने हात उठला. ‘ट’.

मग थांबला. स्क्रीनकडे बघितलं. ‘ट’ होता तिथेच होता. त्याने परत खाली बघितलं, परत वर. ‘ट’ अजून होता. काका, त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं की काहीतरी बदललंय.

मग काना-मात्रेची कळ. ‘टो’. आणि मग त्याने डावा हात उचलला, उजव्या निर्जीव हातावरून पलीकडे नेला, सगळा कळफलक ओलांडून पार उजव्या टोकाला. दोनदा मांडीवर गळून पडला तो हात. एकूण अकरा मिनिटं लागली. स्क्रीनवर तुमचा तो वाकडा ‘ळ’ आला. त्याने एंटर दाबलं.

बाईंनी रजिस्टरमध्ये लिहिलं, मग धावत डॉक्टरांना आणलं, मोठेकाकाही आला. डॉक्टर म्हणाले, शब्द आहे खरा, पण ‘कोण’ विचारल्यावर पेशंटने स्वतःचं नाव लिहिलेलं नाही. एखादा जुना शब्द बोटांतून आपोआप निसटू शकतो. त्याला समजलं असं म्हणता येणार नाही. मोठेकाका म्हणाला, कोण विचारलं तर किडा लिहितोय.

मी सीडीतली ‘हजेरी’ नावाची फाइल उघडून दाखवली. रोज कोण आलं ते सिस्टीम तिच्यात लिहून ठेवते. बावीस वर्षं, साडेसात हजारांच्या वर ओळी, सगळ्या ‘कासव’. ‘टोळ’ हा शब्द त्या मशीनवर शेवटचा लिहिला गेला तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. बोटांची सवय असती तर ‘कासव’ आलं असतं. आणि हात पोचला म्हणाल तर ‘ळ’पर्यंत काही तो आपोआप पोचत नाही. डॉक्टरांनी ती यादी वर-खाली करून बघितली. म्हणाले, मग हे नाव कुणाचं? मी म्हटलं, त्याच्या मित्राचं. मोठेकाकाने विचारलं, बावीस वर्षं ज्याने तोंड दाखवलं नाही, त्याचं नाव हा कशाला लिहील? डॉक्टर म्हणाले, अठ्ठावीसला दुपारी बारापर्यंत थांबतो, तोवर कुणीतरी मला हे पटवून द्या.

पण तुम्हाला जे सांगायचंय ते वेगळंच. एंटर दाबल्यावर सिस्टीमने विचारलं, ‘खूण?’ तुमचं खातं त्याने कधी पुसलंच नव्हतं, पासवर्डसकट तसंच आहे, आणि तो फक्त तुम्हालाच माहीत. बाबाने ते वाचलं. कळफलक हळूच स्वतःपासून लांब सरकवला, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे रिकामी खुर्ची आहे. हात मांडीवर ठेवला आणि दाराकडे बघत बसला. मी म्हटलं, बाबा, दमलास का? त्याने मान हलवली, नाही. ह्या वेळी उलटसुलट नव्हती. जेवणाची गाडी आली तरी त्याने नजर काढली नाही.

आता तीन वाजून गेलेत. ‘खूण?’ अजून स्क्रीनवर आहे. मशीन मी बंद करणार नाही, आणि वीस सेकंदांची ओळ आता नाही. तुम्ही त्याला माझ्याआधीपासून ओळखता, म्हणून विचारते. डॉक्टरांना काय सांगू, काका? बाबाने नाव चुकीचं लिहिलं, की खूण टाकायला माणूस निघालाय?

कासवाची मुलगी